मध्ययुगीन युरोपातील रोगविषयक समजुती व उपचार

युरोपच्या इतिहासात साधारणपणे इ.स.च्या पाचव्या ते पंधराव्या शतकापर्यंतच्या काळाला मध्ययुग म्हणतात. रोग का होतो, या प्रश्नाची तीन प्रकारची उत्तरे या काळात युरोपीय समाजात एकाच वेळी प्रचलित होती. ग्रीक परंपरेतून आलेल्या वैद्यकानुसार रोग म्हणजे शरीरातील चार द्रवांचा बिघडलेला समतोल होता. ख्रिस्ती धर्मविचारानुसार तो ईश्वराने दिलेली शिक्षा किंवा घेतलेली परीक्षा होती. लोकसमजुतीनुसार तो अदृश्य शक्तींचा, वाईट नजरेचा वा ग्रहयोगांचा परिणाम होता. ही उत्तरे परस्परविरोधी मानली जात नसत. एकच रुग्ण वैद्याच्या सल्ल्याने रक्त काढवून घेई, संताच्या समाधीला नवस बोले आणि गळ्यात ताईतही बांधे.

रोगाच्या कारणांविषयीच्या या कल्पनांवर केवळ औषधयोजनाच अवलंबून नव्हती. आजारी माणसाकडे दयेने पाहायचे की संशयाने, साथ आल्यावर हवा शुद्ध करायची की कोणाला तरी दोषी धरायचे, हेही या कल्पनांवरूनच ठरत असे. चौदाव्या शतकातील प्लेगच्या साथीत याचे परिणाम सर्वांत तीव्रतेने दिसून आले.

पार्श्वभूमी

मध्ययुगीन युरोपीय वैद्यकाचा पाया प्राचीन ग्रीसमध्ये घातला गेला. हिपोक्रेटिस (इ.स.पू. सुमारे 460 ते 370) आणि त्याच्या परंपरेतील वैद्यांनी रोगाची कारणे देवतांच्या कोपात न शोधता शरीर, आहार, ऋतू आणि हवापाणी यांत शोधली. पुढे पर्गामम येथे जन्मलेला आणि रोममध्ये नावारूपाला आलेला गॅलेन (जन्म इ.स. 129) याने या विचारांना विस्तृत व सुसंगत शास्त्राचे रूप दिले. गॅलेनचे शरीररचनेचे ज्ञान मुख्यतः प्राण्यांच्या विच्छेदनावर आधारलेले होते. तरीही त्याचे ग्रंथ तेराशेहून अधिक वर्षे प्रमाण मानले गेले.

पश्चिम रोमन साम्राज्याच्या पतनानंतर पश्चिम युरोपात ग्रीक भाषेचे ज्ञान दुर्मीळ झाले आणि यातील बरेच ग्रंथ तेथे अपरिचित झाले. अरबी भाषिक जगात मात्र त्यांचा अभ्यास चालू राहिला. नवव्या शतकात बगदाद येथे हुनैन इब्न इसहाक याने गॅलेनच्या अनेक ग्रंथांची सिरियाक व अरबी भाषांतरे केली. चरकसंहिता व सुश्रुतसंहिता यांची अरबी भाषांतरेही बगदादमध्येच झाली होती. अल्-राझी याने देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग असल्याचे स्पष्टपणे मांडले, तर इब्न सिना (980–1037) याने तत्कालीन वैद्यकाचे सार सांगणारा ‘अल्-कानून’ हा ग्रंथ लिहिला.

हे ज्ञान लॅटिन भाषेच्या मार्गाने युरोपात परतले. अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन आफ्रिकन याने इटलीतील मोंते कासिनो येथील मठात, तर बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने स्पेनमधील तोलेदो येथे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे केली. इब्न सिनाचा ग्रंथ पुढे सतराव्या शतकापर्यंत युरोपीय विद्यापीठांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरला जात होता.

चार द्रवांचा सिद्धांत

या सिद्धांतानुसार मानवी शरीरात रक्त, कफ, पीतपित्त आणि कृष्णपित्त असे चार द्रव असतात. प्रत्येक द्रवाचा एका महाभूताशी, एका ऋतूशी आणि उष्ण-शीत, आर्द्र-शुष्क या गुणांपैकी दोघांशी संबंध जोडलेला असे.

• रक्त: उष्ण व आर्द्र, वायू, वसंत ऋतू
• पीतपित्त: उष्ण व शुष्क, अग्नी, उन्हाळा
• कृष्णपित्त: शीत व शुष्क, पृथ्वी, शरद ऋतू
• कफ: शीत व आर्द्र, जल, हिवाळा

चारही द्रव योग्य प्रमाणात असणे म्हणजे आरोग्य आणि एखादा वाढणे, कमी होणे वा कुजणे म्हणजे रोग, अशी ही मांडणी होती. प्रत्येक व्यक्तीत जन्मतः एखादा द्रव थोडा अधिक असतो आणि त्यावरून तिचा स्वभाव ठरतो, असेही मानले जाई. रक्तप्रधान व्यक्ती आनंदी, पीतपित्तप्रधान तापट, कृष्णपित्तप्रधान उदास आणि कफप्रधान मंद समजली जाई. त्यामुळे एकाच तक्रारीसाठी दोन रुग्णांना एकच औषध देणे चुकीचे ठरे. रुग्णाचे वय, लिंग, प्रकृती, राहण्याचे ठिकाण आणि ऋतू पाहून उपचार ठरवावेत, असा ग्रंथांचा आग्रह होता.

शरीरातील घटकांच्या समतोलावर भर देणारा हा विचार आयुर्वेदातील वात, पित्त व कफ या त्रिदोषांच्या विचाराची आठवण करून देतो. मात्र दोन्ही पद्धतींत घटकांची संख्या, त्यांची कार्ये व उपचारांचे तपशील वेगळे आहेत.

हा सिद्धांत दीर्घकाळ टिकून राहण्यामागे त्याची स्पष्टीकरणक्षमता हे मोठे कारण होते. सर्दीत कफ वाहतो, कावीळ झाली की त्वचा पिवळी पडते, तापात शरीर तापते, ही सर्व निरीक्षणे त्यात सहज बसत. उपचार लागू पडला तर समतोल साधला गेला असे म्हणता येई. तो लागू पडला नाही तर रुग्णाची प्रकृती ओळखण्यात चूक झाली किंवा वेळ योग्य नव्हती, असे सांगता येई. त्यामुळे एखाद्या उपचाराच्या अपयशाने मूळ सिद्धांताला धक्का लागत नसे.

धर्म आणि रोग

रोग हा पापाचे फळ असू शकतो, ही कल्पना बायबलमधून व धर्मोपदेशांतून सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली होती. 1215 साली भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वैद्यांना असा आदेश दिला की, रुग्णाला प्रथम धर्मगुरूला बोलावण्यास सांगावे. आत्म्याची काळजी घेतली गेली की शरीरावरील उपचार अधिक गुणकारी ठरतील. असे असले तरी चर्चने वैद्यकाला विरोध केला नाही. औषधी वनस्पती ईश्वरानेच निर्माण केल्या आहेत, म्हणून त्यांचा उपयोग करणे धर्माला धरूनच आहे, अशी सर्वसाधारण भूमिका होती.

विशिष्ट रोगांसाठी विशिष्ट संतांची प्रार्थना केली जाई. दातदुखीसाठी संत अपोलोनिया, घशाच्या विकारांसाठी संत ब्लेझ, डोळ्यांसाठी संत लुसी, तर प्लेगसाठी संत सेबास्टियन व संत रॉक यांचा धावा केला जाई. इंग्लंडमधील कँटरबरी येथे 1170 साली हत्या झालेला आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या समाधीला हजारो यात्रेकरू जात. त्याच्या रक्ताचा अंश असल्याचे मानले जाणारे पाणी ते लहान कुप्यांतून घरी नेत.

‘संत अँथनीचा अग्नी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगात हातापायांची भयंकर आग होई, ते काळे पडत आणि प्रसंगी गळूनही पडत. राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीमुळे ही विषबाधा होते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. अकराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या संत अँथनीच्या संघाने अशा रुग्णांसाठी अनेक रुग्णालये चालवली. गावातील दूषित पावापासून दूर जाऊन तेथे चांगले अन्न मिळाल्याने काही रुग्णांना उतार पडणे शक्य होते. रुग्ण त्याचे श्रेय संताला देत.

फ्रान्स व इंग्लंडच्या राजांच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात, अशीही श्रद्धा होती. त्यामुळे इंग्लंडमध्ये या रोगाला ‘राजाचा रोग’ असेच नाव पडले. स्पर्शाचा हा विधी मध्ययुग संपल्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला.

कुष्ठरुग्णांविषयीची वृत्ती दुहेरी होती. 1179 सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने समाजापासून वेगळ्या राहणाऱ्या कुष्ठरुग्णांना स्वतःचे चर्च व दफनभूमी ठेवण्याची मुभा दिली. गावाबाहेर त्यांच्यासाठी शेकडो निवासगृहे उभी राहिली. काही जण त्यांना पापाची शिक्षा भोगणारे मानत, तर काही जण इहलोकातच दुःख भोगून ईश्वराच्या जवळ गेलेले मानत. त्यांची सेवा करणे हे पुण्यकर्म समजले जाई.

लोकवैद्यक

बहुसंख्य लोकांचा शिकलेल्या वैद्याशी कधीच संबंध येत नसे. घरातील व शेजारपाजारच्या जाणत्या स्त्रिया, सुईणी आणि वनस्पतींची माहिती असलेले ग्रामस्थ हेच त्यांचे वैद्य होते. जुन्या इंग्रजी भाषेतील दहाव्या शतकातील ‘बाल्ड्स लीचबुक’ या हस्तलिखितात वनौषधींचे पाठ, प्रार्थना आणि मंत्र शेजारी शेजारी आढळतात. अचानक उठणारी कळ ही अदृश्य यक्षसदृश प्राण्यांनी मारलेल्या बाणांमुळे येते, अशी समजूतही त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांत दिसते.

याच हस्तलिखितात डोळ्यांच्या पापणीवरील गळवासाठी एक लेप दिला आहे. लसूण, त्याच वर्गातील दुसरा एक कंद, मद्य आणि बैलाचे पित्त एकत्र करून ते नऊ रात्री पितळी भांड्यात ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. 2015 साली नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी हा लेप तयार करून पाहिला. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या एका जिवाणूवर तो प्रयोगशाळेत प्रभावी ठरला. यावरून सर्वच जुनी औषधे गुणकारी होती असे म्हणता येत नाही. परंतु काही पाठ प्रत्यक्ष अनुभवातून घडले असावेत, असे दिसते.

रोगनिदान

मूत्रपरीक्षा हे निदानाचे प्रमुख साधन होते. काचेच्या फुगीर कुपीत रुग्णाचे मूत्र घेऊन त्याचा रंग, दाटपणा, गाळ आणि वास पाहिला जाई. हस्तलिखितांत मूत्राच्या सुमारे वीस रंगछटा दाखवणारी चक्रे आढळतात. ही कुपी हेच तत्कालीन चित्रांमध्ये वैद्याचे ओळखचिन्ह असे. याखेरीज नाडीची गती व लय पाहिली जाई आणि रुग्णाला आहार, झोप व दिनचर्येविषयी प्रश्न विचारले जात.

ज्योतिषालाही वैद्यकात स्थान होते. मेष राशीचा अंमल डोक्यावर, तर मीन राशीचा पावलांवर, याप्रमाणे बाराही राशी शरीराच्या निरनिराळ्या भागांशी जोडल्या जात. चंद्र ज्या राशीत असेल त्या राशीच्या अवयवावर शस्त्र चालवू नये, असा नियम होता. वैद्य यासाठी कमरेला अडकवता येतील अशी घडीची पंचांगे बाळगत.

उपचारपद्धती

आहार-विहार: हवा, अन्नपान, निद्रा व जागरण, श्रम व विश्रांती, मलविसर्जन आणि मनोविकार या सहा बाबींचे नियमन हा उपचाराचा पहिला टप्पा होता. उष्ण गुणाच्या रोगावर शीत गुणाचे अन्न, याप्रमाणे विरुद्ध गुणांनी समतोल साधला जाई. दक्षिण इटलीतील सालेर्नो येथील वैद्यकपरंपरेशी जोडलेला आरोग्यनियमांचा पद्यग्रंथ युरोपभर लोकप्रिय होता.

रक्तमोक्षण व शोधन: वाढलेला द्रव बाहेर काढण्यासाठी शिरेला छेद देणे, जळवा लावणे, तुंबड्या लावणे, तसेच रेचक, वमन व बस्ती यांचा वापर होई. रक्त कोणत्या शिरेतून काढावे हे दाखवणाऱ्या मानवाकृती हस्तलिखितांत काढलेल्या असत. रक्तमोक्षण आजाऱ्यांपुरते मर्यादित नव्हते. अनेक मठांतील भिक्षू आरोग्य राखण्यासाठी वर्षातून ठरावीक वेळा रक्त काढून घेत. अशक्त रुग्णांना मात्र या उपचाराने अपाय होण्याचा धोका मोठा होता.

औषधे: मठांच्या बागांत ऋषीपर्ण, पुदिना, बडीशेप यांसारख्या वनस्पती लावल्या जात. जर्मनीतील मठाध्यक्षा हिल्डेगार्ड (1098–1179) हिने वनस्पती, प्राणी व खनिजे यांच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिले. आशियातून येणारे मिरी, सुंठ, दालचिनी यांसारखे मसाले उष्ण गुणाची औषधे म्हणून विकले जात. ‘थेरियाक’ हे सर्वांत प्रतिष्ठित संयुक्त औषध होते. सर्पमांस व अफू यांसह अनेक द्रव्यांपासून ते बनवले जाई आणि विषबाधेपासून प्लेगपर्यंत अनेक विकारांवर दिले जाई.

शस्त्रक्रिया: जखमा शिवणे, हाडे बसवणे, मूतखडे काढणे, मोतीबिंदू बाजूला सारणे आणि तापलेल्या लोखंडाने डाग देणे ही शल्यवैद्यांची नित्याची कामे होती. जखमेत पू होणे हे बरे होण्याचे लक्षण आहे, असा समज रूढ होता. तेराव्या शतकात इटलीतील थिओडोरिक बोर्गोन्योनी याने त्याला विरोध केला आणि जखम मद्याने स्वच्छ करून मिटवावी असे सुचवले. 1403 साली श्रूजबरीच्या लढाईत इंग्लंडचा राजपुत्र हेन्री (पुढे राजा पाचवा हेन्री) याच्या चेहऱ्यात बाणाचे टोक खोलवर रुतले. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने त्यासाठी खास चिमटा बनवून ते बाहेर काढले आणि जखमेवर मध व मद्य वापरले. राजपुत्र वाचला.

उपचार करणारे

विद्यापीठांत शिकलेले वैद्य संख्येने थोडे व खर्चिक होते. सालेर्नो, माँपेलिए, बोलोन्या आणि पॅरिस ही वैद्यकशिक्षणाची प्रमुख केंद्रे होती. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने 1231 साली सिसिलीच्या राज्यात वैद्यांना परीक्षा व परवाना बंधनकारक केला. वैद्यांच्या खालोखाल शल्यवैद्य, औषधविक्रेते आणि रक्त काढणे, दात उपटणे ही कामे करणारे न्हावी अशी उतरंड होती. 1215 च्या परिषदेने वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना शस्त्र वा डाग यांचा वापर करून उपचार करण्यास मनाई केली होती.

सालेर्नो येथील त्रोता हिच्यासारख्या स्त्रियांनी बाराव्या शतकात वैद्यकात नाव मिळवले होते. परवाना पद्धती कडक झाल्यावर मात्र विद्यापीठांत प्रवेश नसलेल्या स्त्रियांची कोंडी झाली. 1322 साली पॅरिसमध्ये जाकोबा फेलिसी हिच्यावर परवान्याविना वैद्यकी केल्याचा खटला चालला. इतर वैद्यांनी हात टेकल्यानंतर तिने आपल्याला बरे केले, अशी साक्ष अनेक रुग्णांनी दिली. तरीही न्यायालयाने तिला दोषी ठरवून वैद्यकी करण्यास बंदी घातली.

रुग्णालये

मध्ययुगीन रुग्णालये प्रामुख्याने धर्मादाय संस्था होत्या. गरीब, वृद्ध, यात्रेकरू आणि आजारी यांना तेथे आसरा, अन्न, ऊब व प्रार्थना मिळे. वैद्य असेलच असे नाही. लंडनमधील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय 1123 साली, तर फ्लॉरेन्समधील सांता मारिया नुओवा 1288 साली स्थापन झाले. दोन्ही संस्था आजही कार्यरत आहेत. इस्लामी जगातील रुग्णालयांत वैद्यकीय उपचारांवर अधिक भर होता. कैरो येथे 1284 साली पूर्ण झालेले मन्सूरी रुग्णालय त्यांपैकी प्रसिद्ध आहे.

कृष्णमृत्यू

ऑक्टोबर 1347 मध्ये सिसिलीतील मेसिना बंदरात आलेल्या जहाजांबरोबर प्लेग पश्चिम युरोपात पोहोचला. 1351 पर्यंत या साथीत युरोपातील अंदाजे एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या मृत्युमुखी पडली. जांघेत व काखेत गाठी येऊन रुग्ण काही दिवसांतच दगावत. ही साथ ‘कृष्णमृत्यू’ या नावाने ओळखली जाते.

कारणमीमांसा: फ्रान्सच्या राजाच्या विनंतीवरून पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक विद्याशाखेने ऑक्टोबर 1348 मध्ये अहवाल सादर केला. मार्च 1345 मध्ये कुंभ राशीत झालेल्या शनी, गुरू व मंगळ यांच्या युतीमुळे पृथ्वीवरील हवा दूषित झाली आणि ती श्वासावाटे हृदयापर्यंत जाऊन द्रव कुजवते, असे त्यात म्हटले होते. त्यानुसार सुगंधी लाकडे जाळणे, सुवासिक द्रव्ये हुंगणे आणि दूषित जागा सोडून जाणे हे उपाय सुचवले गेले. आव्हिन्यों येथे पोप सहावा क्लेमेंट दोन मोठ्या अग्निकुंडांच्या मध्ये बसून राहिला. त्याचा वैद्य गी द शोलियाक याने शहर सोडले नाही. त्याने गाठींचा आणि रक्त थुंकवणारा असे प्लेगचे दोन प्रकार नोंदवले आणि स्वतः आजारी पडूनही तो बचावला. त्याने 1363 साली पूर्ण केलेला शल्यतंत्रावरील ग्रंथ पुढे दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

दोषारोप: साथीला ईश्वरी कोप मानणारे लोक गावोगाव मिरवणुका काढून स्वतःला चाबकाचे फटके मारून घेऊ लागले. 1349 साली पोपने या पंथावर बंदी घातली. याहून भीषण परिणाम ज्यूंना भोगावे लागले. त्यांनी विहिरींत विष कालवले, अशी अफवा पसरली आणि सव्हॉय प्रांतात छळ करून तसे कबुलीजबाब मिळवले गेले. 14 फेब्रुवारी 1349 रोजी स्ट्रासबर्ग येथे शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. त्या वेळी प्लेग त्या शहरात पोहोचलाही नव्हता. ज्यू स्वतःही या रोगाने मरत आहेत आणि जेथे ज्यू राहत नाहीत तेथेही रोग आहे, असा युक्तिवाद करून पोपने 1348 साली आज्ञापत्रे काढली होती. अनेक शहरांत त्यांचा उपयोग झाला नाही.

विलगीकरण: ग्रंथ दूषित हवेकडे बोट दाखवत असताना नगरप्रशासने अनुभवावरून वेगळ्या मार्गाने जात होती. इटलीतील पिस्तोइया नगराने 1348 मध्येच रोगग्रस्त भागांशी ये-जा आणि तेथील कापडाची आयात यांवर निर्बंध घातले. रोग माणसाकडून माणसाकडे व कपड्यांतून पसरतो, हे निरीक्षण ग्रानाडा येथील विद्वान इब्न अल्-खतीब यानेही स्पष्टपणे मांडले. 1377 साली रागुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या नगराने रोगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना 30 दिवस वेगळे ठेवण्याचा कायदा केला. पुढे ही मुदत 40 दिवसांची झाली आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या अर्थाच्या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. व्हेनिसने 1423 साली एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमस्वरूपी रुग्णालय सुरू केले.

प्रचलित गैरसमज

• पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा घालणारा प्लेगचा वैद्य मध्ययुगातील मानला जातो. हा वेश सतराव्या शतकातील आहे.
• चर्चने शवविच्छेदनावर सरसकट बंदी घातली होती, हे खरे नाही. बोलोन्या येथे मोंदिनो दे लिउत्सी मानवी शवविच्छेदन करत असे आणि त्याने 1316 च्या सुमारास त्यावर पाठ्यपुस्तक लिहिले.
• मध्ययुगीन लोक स्नान करत नसत, असा समज आहे. प्रत्यक्षात अनेक शहरांत सार्वजनिक स्नानगृहे होती आणि वैद्य स्नानाची शिफारसही करत.

उत्तरकाळ

चार द्रवांचा सिद्धांत मध्ययुगाबरोबर संपला नाही. सोळाव्या शतकात व्हेसेलियसने गॅलेनच्या शरीररचनेतील चुका दाखवल्या आणि 1628 साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले, तरी रक्तमोक्षण एकोणिसाव्या शतकातही सर्रास चालू होते. जंतूंमुळे रोग होतात हे त्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाल्यावर हा सिद्धांत मागे पडला.

प्लेगच्या कारणांचा उलगडाही त्याच सुमारास झाला. 1894 साली हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन याने प्लेगचा जिवाणू शोधला. 1896 साली ही साथ मुंबईत पोहोचली. तेथे वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. 1898 साली कराची येथे पोल-लुई सिमाँ याने उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे प्रयोगाने दाखवले. 2011 साली लंडनमधील चौदाव्या शतकाच्या दफनभूमीतील सांगाड्यांतून मिळालेल्या जनुकीय द्रव्यावरून कृष्णमृत्यूही याच जिवाणूमुळे झाल्याला बळकट पुरावा मिळाला.

रोगाचे खरे कारण कळण्याच्या पाचशे वर्षांपूर्वी रागुसा व व्हेनिस यांनी योजलेला विलगीकरणाचा उपाय मात्र, बदललेल्या स्वरूपात, आजही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा भाग आहे.